द्वारा श्री. गूगल, मुक्काम ग्रीनलंड

विद्यार्थी असताना मी पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होतो. एका खोलीत चार कॉट, एक खिडकी आणि दाराच्या आतल्या बाजूला सूचनांचा कागद. त्यातली तिसरी सूचना अशी होती, की विद्यार्थ्यांनी आपला पत्रव्यवहार मालकांच्या पत्त्यावर करू नये. त्यामुळे माझा पत्ता म्हणजे माझं नाव, त्याखाली 'द्वारा' आणि त्यापुढे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचं नाव. दुकानदार भला माणूस होता. आलेलं पत्र तो साबणाच्या वड्यांमागे खोचून ठेवी आणि मी पाव किलो पोहे घ्यायला गेलो की पोह्यांबरोबर पत्रही देई. पत्राआधी मजकूर देई. "वडिलांचा खोकला कमी आहे म्हणे. म्हशीचं मात्र काही जमलं नाही." पोस्टकार्डच असायचं, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती.

दोन वर्षांनी त्याने दुकान विकलं आणि तिथे झेरॉक्सवाला आला. मी होतो तिथेच होतो, वडील गावी होते, खोकलाही परत आला होता. पण पत्रं बंद झाली. झेरॉक्सवाला पोस्टमनला रोज सांगे, "इथे या नावाचं कोणी राहत नाही." आणि ते शंभर टक्के खरं होतं.

इंटरनेटवरची शॉर्ट लिंक म्हणजे हाच 'द्वारा' आहे, हे कळायला मला पुढची पंचवीस-तीस वर्षं लागली.

व्यवस्था तीच. आपला लांबलचक पत्ता एका कंपनीच्या वहीत लिहायचा आणि त्या नोंदीचा पाच-सहा अक्षरांचा बिल्ला घ्यायचा. हा बिल्ला कोणी दाखवला की कंपनीचा संगणक वही उघडतो आणि सांगतो, 'ते इथे नसतात, तिकडे राहतात.' या 'तिकडे राहतात'ला संगणकाच्या भाषेत ३०१ क्रमांक आहे आणि त्याचा अर्थ 'कायमचे स्थलांतर'. आपल्याकडे सरकारी अर्जात 'सध्याचा पत्ता' आणि 'कायमचा पत्ता' असे दोन रकाने असतात. सध्याच्या पत्त्यावर माणूस चाळीस वर्षं राहतो आणि कायमच्या पत्त्यावरचं घर पडून तिथे रामफळाचं झाड आलेलं असतं. 'कायमचा' या शब्दाचा हाच अर्थ अमेरिकेतही चालतो, एवढंच सिद्ध झालं.

हा उद्योग सुरू कोणी केला? २००२ साली केव्हिन गिल्बर्टसन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने. त्याला एकचाकी सायकल चालवण्याचा नाद होता. त्या नादाच्या मंडळींच्या चर्चेतले जुने संदेश एकमेकांना दाखवायचे तर पत्ते इतके लांब, की ईमेलमध्ये ते मधेच तुटायचे. म्हणून त्याने 'टायनीयूआरएल' काढलं. गरज खरी होती. पण ती जितकी आपल्याला होती तितकी त्याला असणं शक्य नाही, कारण त्याची सायकल इंग्रजीत होती.

मराठी पानाचा पत्ता ब्राउझरमध्ये वर कसा छान देवनागरीत दिसतो. तो उचलून दुसरीकडे चिकटवला की त्याच्या अंगात येतं. टक्का, ई, शून्य. टक्का, ए, चार. टक्का, नऊ, सी. पत्ता आहे की बोर्डाचा निकाल, कळत नाही. त्याचं गणित असं: देवनागरीचं एक चिन्ह यंत्राच्या पोटात तीन बाइट खातं आणि प्रत्येक बाइट लिहायला टक्क्याची खूण अधिक दोन, अशा तीन खुणा लागतात. म्हणजे एका चिन्हाच्या नऊ खुणा. काना, मात्रा, वेलांटी, एवढंच काय तर पाय मोडायची ती बारीकशी तिरकी रेघ, प्रत्येकीला स्वतंत्र नऊ. 'पुणे' लिहायला छत्तीस. 'ज्ञानेश्वर' दहा चिन्हांचा, त्याचे होतात नव्वद. ट्विटरवर तेव्हा सगळा कारभार १४० अक्षरांत आटपायचा असे. पत्त्यात एकदा माऊलींचं नाव आलं की बाकी विश्वाला पन्नास अक्षरं उरत.

याचा फटका मला २०१२ साली बसला. एका दिवाळी अंकासाठी मी पाणपोयांवर लेख लिहिला होता. संपादक म्हणाले, "तळटिपा द्या. लेखाला वजन येतं." मी अकरा तळटिपा दिल्या आणि प्रत्येकीत नेटवरचा पत्ता. दुसऱ्या दिवशी डीटीपी करणाऱ्या मुलाचा फोन आला.

"सर, तुमची तीन नंबरची तळटीप शेजारच्या कवितेत शिरलीये."

"मग तोडा ना ती."

"तोडली तर मधे हायफन टाकावा लागेल."

"हायफन नको. कोणीतरी हायफनसकट टाइप करेल."

"मग सहा पॉइंटमध्ये घेऊ का?"

"वाचणार कोण?"

"सर," तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "तसंही."

शेवटी त्यानेच शॉर्ट लिंकचा उपाय सांगितला. अर्ध्या तासात माझ्या अकरा तळटिपा नखांएवढ्या झाल्या. लेख कसा नीटनेटका दिसू लागला! कवीनेही सुटकेचा निःश्वास टाकला असावा. ज्या सेवेकडून मी हे करून घेतलं तिचं नाव सांगत नाही. ती गूगलची नव्हती, आणि आता ते नाव तिच्या मालकालाही आठवत असेल की नाही शंका आहे.

मधल्या काळात या छोट्या लिंका बोकाळल्या. त्यांचे पत्ते पाहिले तर भूगोलाचा तास चालू आहे असं वाटावं. प्रत्येक देशाला पत्त्याच्या शेवटी लावायला दोन अक्षरं मिळालेली असतात आणि ज्याला जी अक्षरं शब्दाच्या शेपटीला शोभतील ती त्याने भाड्याने घ्यायची. बिट डॉट एलवाय मधलं एलवाय म्हणजे लिबिया. यूट्यूबच्या छोट्या पत्त्यातलं बीई म्हणजे बेल्जियम. ट्विटरच्या टी डॉट सीओ मधलं सीओ म्हणजे कोलंबिया. डोंबिवलीहून कल्याणला पाठवलेल्या उकडीच्या मोदकांच्या व्हिडिओचा पत्ता बेल्जियमचा असायचा. लिबियाला मात्र या प्रकाराची जाणीव होती. २०१० साली तिथल्या अधिकाऱ्यांनी व्हीबी डॉट एलवाय हा छोट्या लिंकांचा पत्ताच रद्द करून टाकला, कारण तिथला मजकूर त्यांच्या धर्माच्या कायद्यात बसत नव्हता. अमेरिकेतल्या माणसाने अमेरिकेतल्या माणसासाठी केलेली लिंक, आणि आक्षेप त्रिपोलीत. चाळीतल्या नळावरून आपण बरंच सोसलेलं असल्यामुळे आपल्याला हे फार विचित्र वाटत नाही.

त्याच्याही आधी, २००९च्या ऑगस्टमध्ये, ट्रिम नावाच्या एका सेवेने दुकान बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. आरडाओरडा झाला, तेव्हा दोन-तीन दिवसांत निर्णय मागे घेतला. तेव्हाच आपण ओळखायला हवं होतं. पण मराठीत म्हण आहेच, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. आणि इथे मागचा माणूस मोबाइलमध्ये बघत चालला होता.

मग गूगल आलं. २००९च्या डिसेंबरात आपल्याच दोन-तीन कामांपुरतं आणि २०१०च्या सप्टेंबरात सगळ्यांसाठी. सेवेचा पत्ता गू डॉट जीएल. जीएल म्हणजे ग्रीनलंड. पहिल्या शब्दाबद्दल मी काय बोलू! मराठी घरात तो चारचौघांत मोठ्याने म्हणायचा शब्द नव्हे, हे कॅलिफोर्नियात कोणाच्या लक्षात आलं नसणार. माझ्या काकांना मी एकदा फोनवर लिंक सांगत होतो.

"हं, सांग."

"गू डॉट..."

"काय म्हणालास?"

"काका, जी, ओ, ओ."

"मग तसं सांग की. सकाळची वेळ आहे. पुढे?"

"डॉट, जी, एल. मग तिरकी रेघ. मग मोठा के, लहान एल..."

"लहान एल म्हणजे एक?"

"एक नाही, एल."

"मी लिहिलाय तो एकसारखाच दिसतोय."

"पुढे मोठा ओ."

"शून्य?"

"शून्य नाही काका, ओ."

"अरे, मग त्यांना सांग, जरा लांब असला तरी चालेल, पण शब्द लिहा म्हणावं."

काका पोस्टातून निवृत्त झालेले होते. इतकं शहाणपणाचं वाक्य या विषयावर मी नंतर फक्त एकाच माणसाचं वाचलं. ज्यांनी वेब शोधून काढलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलं होतं, की चांगले पत्ते बदलत नसतात. दोघांचंही कोणी ऐकलं नाही.

सेवा खुली करताना गूगलने आपल्या लिंकांचे तीन गुण सांगितले होते. स्थैर्य, सुरक्षितता आणि वेग. स्थैर्य पहिलं. आणि कोणालाही ते पटलंच असतं. गल्लीतला किराणा दुकानदार जाईल, गूगल कुठे जातंय? लोकांनी प्रबंधांच्या संदर्भसूचीत, माहितीपत्रकांवर, जिथे जिथे मूळ पत्ता मावत नव्हता तिथे तिथे 'द्वारा श्री. गूगल' लिहून टाकलं. मधल्या दुकानदाराप्रमाणे गूगलही कोणाचं पत्र किती वेळा आलं ते मोजून ठेवत असे, आणि लिंकच्या शेवटी एक अधिकचं चिन्ह टाकलं की तो हिशेब आपल्यालाही दिसे. एका ओळखीच्यांनी मुलीच्या लग्नाच्या आमंत्रणाची लिंक चारशे जणांना पाठवली होती. हिशेब पाहिला, तर सतरा. लग्नाला माणसं मात्र साडेचारशे आली. जेवायला लिंक लागत नाही.

२०१८ च्या मार्चअखेर गूगलने सांगितलं, की आता हे दुकान आवरतं घेतोय. ३० मार्च २०१९ नंतर नव्या लिंका नाहीत. जुन्या मात्र चालतील. नव्या कामासाठी आमच्याच 'फायरबेस डायनॅमिक लिंक्स'कडे जा, असंही सुचवलं. मग २०२४ च्या जुलैत जाहीर झालं, की जुन्याही २५ ऑगस्ट २०२५ ला बंद. आणि ज्यांच्याकडे जा म्हणून सांगितलं होतं ते फायरबेसवाले? त्यांचीही तारीख तीच, २५ ऑगस्ट २०२५. धाकट्याकडे राहायला जा म्हणणारा थोरला आणि तो धाकटा, दोघांनी एकाच मुहूर्तावर दारं लावली.

कारण काय, तर ९९ टक्क्यांहून अधिक लिंका महिनाभरात कोणी उघडल्याच नव्हत्या. हा न्याय माझ्या घराला लावला, तर माळ्यावरची तांब्याची पातेली, विमा पॉलिसी, पंचांग, अण्णांचा मफलर आणि माझी निम्मी पुस्तकं उद्या भंगारात जातील. तळटीप ही काय रोज उघडायची वस्तू आहे? ती इमारतीच्या जिन्यातल्या लाल बादलीसारखी असते. वीस वर्षांत कोणी तिच्याकडे बघत नाही. बघायची वेळ येते तेव्हा त्यात वाळू हवी. (आमच्या सोसायटीच्या बादलीत विड्यांची थोटकं आहेत, तो वेगळा लेख होईल.) छोट्या लिंकांच्या आडून फसवणाऱ्यांचाही सुळसुळाट झाला होता, हे मान्य. तरीही ज्यांनी गल्लीबोळांचे फोटो काढून ठेवलेत, त्यांना या दोन रकान्यांच्या वहीचं ओझं व्हावं, हा मला शुद्ध चिक्कूपणा वाटतो.

बंद करण्याची पद्धतही बघण्यासारखी होती. २३ ऑगस्ट २०२४ पासून काही लिंका उघडल्या की आधी एक पाटी येऊ लागली, की ही लिंक लवकरच चालणार नाही. म्हणजे तुम्ही आत्याकडे जायला निघालात, आणि कोपऱ्यावरचा माणूस हात धरून सांगतोय, की आत्या आहेत, पण फार दिवस नाहीत. या पाटीमुळेच काही ठिकाणी चालू लिंकही अडू शकते, हेही गूगलनेच सांगितलं. आणि पाटी नको असेल तर? तर लिंकच्या शेवटी आणखी काही अक्षरं जोडायची. लांबी कमी व्हावी म्हणून घेतलेल्या लिंकेला शेपूट! पुस्तकात छापलेल्या लिंकेला ते कोणी आणि कसं जोडायचं, हा प्रश्न कोणाला पडला नाही.

मग १ ऑगस्ट २०२५ ला, म्हणजे चोवीस दिवस आधी, श्री. गूगल विरघळले. ज्या लिंका वापरात आहेत त्या राहतील. २०२४ च्या अखेरीस ज्यांच्यात काहीच हालचाल दिसली नाही, तेवढ्याच जातील. नकाशांच्या शेअर बटणातून निघालेल्या लिंकाही चालू राहतील, त्यामुळे महाराष्ट्रातली मंगल कार्यालयं वाचली.

हे वाचल्यावर आमच्या इमारतीतल्या सगळ्या पेन्शनरांना एकच गोष्ट आठवली. हयातीचा दाखला. नोव्हेंबर आला की बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असं लिहून द्यावं लागतं, नाहीतर पेन्शन थांबते. बँकेत समोर उभं राहिलं तरी चालत नाही, फॉर्म लागतो. पण बँक निदान नोव्हेंबरच्या आधी तरी सांगते. इथे ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं, की मागच्या वर्षाच्या अखेरीस ज्यांनी हालचाल केली ते जिवंत. ज्यांना तेव्हा डुलकी लागली होती त्यांनी आता धावत जाऊन उपयोग नाही. शिवाय लिंक स्वतः जाऊन अंगठा देऊ शकत नाही. कोणीतरी तिला बोट लावावं लागतं.

मराठीत लिंकला 'दुवा' असा सुंदर शब्द आहे, आणि दुवा म्हणजे आशीर्वादही. 'म्हातारी दुवा देईल' असं आपण म्हणतो. त्या म्हातारीने पुढच्या महिन्यापासून दिलेले सगळे दुवे परत घेतल्याचं मात्र मी कधी ऐकलेलं नाही.

हे होणार म्हणून काही माणसं आधीच कामाला लागली होती. 'आर्काइव्ह टीम' नावाचा स्वयंसेवकांचा एक कंपू आहे. त्यातली एक टोळी २००९ पासून फक्त छोट्या लिंकांचीच नोंद करते. पद्धत शिरगणतीची. इंग्रजीची लहान-मोठी मिळून ५२ अक्षरं आणि १० अंक, म्हणजे ६२ चिन्हं. पाच घरं असतील तर ९१ कोटींवर जुळण्या, सहा असतील तर ५,६८० कोटींवर. जगभरातल्या लोकांनी आपापल्या घरचे संगणक रात्री चालू ठेवून हे दरवाजे एकामागून एक ठोठावायचे. आत कोणी आहे का? आहात? राहता कुठे? धन्यवाद, पुढचा दरवाजा. अशा अब्जावधी नोंदी त्यांनी गू डॉट जीएलच्या उतरवून घेतल्या. पगार नाही, मानधन नाही, सत्काराला शाल नाही. गणेशोत्सव मंडळात असते तर किमान टोपी तरी मिळाली असती.

माझ्या अकरा तळटिपांपर्यंत मात्र कोणी पोचलं नाही. लेखांचं पुस्तक करायचं ठरलं म्हणून मी त्या एकेक करून टाइप केल्या. पहिल्या सात उघडल्याच नाहीत. मी थोडा खट्टू झालो. मग आठवी उघडली, आणि मी खुर्चीतून उठलोच. ऑनलाइन रमी! बंद पडलेल्या सेवेचा पत्ता कोणीतरी विकत घेतला असावा. पुण्यातल्या पाणपोईच्या देणगीदाराचं नाव शोधायला आलेल्या वाचकाला तिथे पहिल्या डावावर बोनस मिळत होता.

अशा वेळी माणूस आपल्याहून मोठ्या माणसांचे हाल आठवतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालपत्रांत दिलेल्या वेबपत्त्यांपैकी सुमारे निम्म्या ठिकाणी आता मुळातला मजकूर नाही, असं हार्वर्डच्या अभ्यासकांना आढळलं होतं. २०११ च्या व्हिडिओ गेमच्या खटल्यात तर न्यायमूर्ती अलिटो यांनी तळटिपेत दिलेला एक पत्ता पुढे दुसऱ्याच कोणीतरी ताब्यात घेतला आणि तिथे न्यायालयाचीच थट्टा करणारा मजकूर लावला. मला निदान बोनस तरी मिळत होता. त्या एकचाकी सायकलवाल्याचं टायनीयूआरएल मात्र २००२ पासून आजतागायत चालू आहे.

पुस्तकासाठी बाकी तळटिपांचं मी कसंबसं निभावलं. काही पुन्हा शोधल्या, दोन अंदाजाने लिहिल्या, एक गाळली. अडलंय ते सातवीपाशी. लेखात माझं वाक्य छापलेलं आहे: 'पाणपोया बंद पडण्यामागचे खरे कारण मात्र निराळेच असून ते अत्यंत धक्कादायक आहे.' त्यावर सात आकडा. खाली सहा अक्षरांची लिंक. ते कारण काय होतं, हे मला अजिबात आठवत नाही.

तेव्हा २०१२ च्या दिवाळीत ज्या कोणा वाचकाने ती सातवी तळटीप उघडून पाहिली असेल, त्यांनी तिथे काय लिहिलं होतं ते कृपया पोस्टकार्डावर कळवावं. मोघम आठवत असेल तरी चालेल. उत्तर हवं असल्यास स्वतःचा पूर्ण पत्ता लिहावा, 'द्वारा' नको.